नर्सबाईच्या नावातली प्रसाविका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाळंतपणाचं सगळं आपल्या मराठीनं दोन शब्दांत सांगून ठेवलं आहे. बाई 'अडली', आणि मग 'मोकळी झाली'. या दोन शब्दांच्या मधल्या वेळात तिच्याजवळ कोण असतं, त्या माणसाला काय येतं आणि काय करायची परवानगी असते, यावर आईचं आणि मुलाचं पुढचं सारं ठरतं. आज मला त्या माणसाबद्दल, खरं म्हणजे त्या बाईबद्दल, बोलायचं आहे. मी कवितेतला माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंत, वैद्यकाशी संबंध रुग्ण म्हणून आला तेवढाच. तरी या विषयावर बोलायला बसलो आहे, त्याचं कारण माझ्या घरातच आहे.

माझा जन्म १९७० सालचा, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या बाजूच्या एका खेड्यात. तिथून पलीकडे तेलंगण सुरू होतं. आमच्या गावची सुईण मातंग समाजातली होती. सगळं गाव तिला आजी म्हणायचं, आणि एरवी कुणी तिला उंबरा ओलांडू द्यायचं नाही. कळा सुरू झाल्या की मात्र ती थेट आतल्या खोलीत. मूल झालं, लुगडं आणि पायलीभर ज्वारी पदरात पडली, की ती पुन्हा अंगणाबाहेरची. माझ्या कानात अजान दिली ती माझ्या दादांनी. पण त्याआधी मला उचलून घेणारे हात त्या आजीचे होते. रक्ताचं, नाळेचं, वारेचं काम हलकं मानलं गेलं, म्हणून ते करणारी माणसंही हलकी ठरली. पुढे गावात सरकारी नर्सबाई आली, तिच्याकडेही लोकांनी बराच काळ याच नजरेनं पाहिलं. रात्री-अपरात्री बाहेर पडणारी, परक्यांचं रक्त धुणारी बाई. आमच्या घरच्या बोलीत म्हणतात, दाई से पेट नहीं छुपता. दाईपासून काही लपत नाही, हे खरं. पण दाईला मान द्यायचा असतो, हे त्या म्हणीत कुठं आलेलं नाही.

१९७६ साली माझी धाकटी खाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आमच्यात गावातल्या गावात सोयरीक होते, त्यामुळे नानीचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. मी सहा वर्षांचा होतो. सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा नानीनं माझ्या मामूला सायकलवरून उपकेंद्रात पाठवलं. उपकेंद्राला कुलूप होतं. नर्सबाई तालुक्याला, कुटुंबनियोजनाच्या शिबिराला 'केसेस' घेऊन गेल्या होत्या. ते वर्ष आणीबाणीचं होतं. प्रत्येक सरकारी माणसाला शस्त्रक्रियांचा आकडा ठरवून दिलेला होता, आणि तो भरला नाही तर पगार अडत होता. मगरिबच्या सुमाराला मुलगी झाली. वारही पडली. रक्त मात्र थांबेना. सुईणीला जे येत होतं ते सगळं तिनं केलं. शेवटी बैलगाडी जुंपली. गाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आधीच खाला गेली.

दोन दिवसांनी नर्सबाई आल्या आणि नानीजवळ बराच वेळ बसून राहिल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. नानीनं त्यांना चहा दिला एवढं आठवतं.

खालाला नेमकं काय झालं हे मला फार वर्षांनी, एका स्त्रीरोगतज्ज्ञ स्नेह्यांकडून समजलं. वार पडली की गर्भाशयानं मुठीसारखं आवळून घ्यायचं असतं. ते आवळलं की आतल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. गर्भाशय सैल राहिलं, तर धडधाकट बाईसुद्धा साधारण दोन तासांत दगावू शकते. यावर ऑक्सिटोसिन नावाचं इंजेक्शन असतं. मूल जन्मल्यानंतर मिनिटभरात मांडीत दहा युनिट टोचायचं, म्हणजे रक्तस्राव मुळात होण्याचीच शक्यता पुष्कळ कमी होते. औषध स्वस्त आहे, फक्त थंड जागी ठेवावं लागतं. ते टोचायला मोठी पदवी लागत नाही. लागतं ते हे की शिकलेली बाई त्या वेळी त्या खोलीत हजर असावी, आणि ते टोचण्याचा अधिकार तिला असावा. आपल्याकडे उपकेंद्रातल्या नर्सबाईला अशी जीव वाचवणारी औषधं स्वतःच्या निर्णयानं देण्याची मुभा केंद्र सरकारनं स्पष्टपणे दिली ती २००५ च्या आसपास. म्हणजे खाला गेली त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

आता त्या नर्सबाईच्या हुद्द्याकडे पाहू. सरकारी कागदावर तिला 'साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका' म्हणतात. बोलताना आपण ए. एन. एम. म्हणतो. या लांबलचक नावात तीन शब्द आहेत, आणि मूळ काम शेवटच्या शब्दात आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीनं देशाच्या आरोग्याची पाहणी केली तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावत होत्या. शिकलेल्या प्रसाविका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून १९५० च्या दशकात ही नवी नर्स तयार केली. दोन वर्षांचं शिक्षण, आणि त्यात भर बाळंतपणावर. योजना चांगली होती. पण १९७३ साली कर्तारसिंग समितीनं सुचवलं, की खेड्यात प्रत्येक रोगासाठी वेगळा कर्मचारी ठेवण्याऐवजी सगळी कामं करणारा एकच 'बहुउद्देशीय' कर्मचारी असावा. ऐकायला शहाणपणाचंच वाटतं. त्या बदलात नर्सबाईकडे लसीकरण आलं, हिवताप आला, कुटुंबनियोजन आलं, आणि नोंदवह्यांची चळत आली. १९७७ मध्ये तिचं शिक्षण २४ महिन्यांवरून १८ महिन्यांवर आणलं गेलं आणि त्यातला बाळंतपणाचा भाग आक्रसला. (अलीकडे ते पुन्हा दोन वर्षांचं झालं आहे.) एका उपकेंद्राखाली मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या. एवढ्या लोकांत एक बाई फिरणार, ती रात्रभर कुणाच्या उशाशी कशी बसेल? नावात प्रसाविका राहिली, हातून बाळंतपणं सुटत गेली. बाळंतपणाचं कौशल्य सवयीचं असतं. वर्षाला चार-दोन बाळंतपणं करणाऱ्या बाईचा हात बिचकतो, आणि बिचकणारी बाई मग लवकरात लवकर पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिते. यात तिचा दोष नाही.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई आल्या, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बायकांना पैसे मिळू लागले. हा बदल मोठा होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की २००५-०६ मध्ये देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ती ८८.६ टक्के झाली. एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात २५४ माता मरत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. त्याच काळात केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५. एकाच देशात, एकाच कायद्याखाली जगणाऱ्या बायकांचे हे आकडे आहेत. आणि महाराष्ट्राच्या ३३ वर आपण खूश होतो तेव्हा एवढं ध्यानात ठेवू, की सरासरीत पुणंही येतं आणि नंदुरबारचे डोंगरही येतात. पावसाळ्यात बांबूला झोळी बांधून अडलेल्या बाईला खाली आणल्याच्या बातम्या याच दैनिकांत आपण वाचतो.

बायका दवाखान्यात आल्या. पुढे काय झालं, ते कुठल्याही सरकारी प्रसूतिगृहाबाहेर तासभर बसलं की ऐकू येतं. खाटा कमी, नर्सा कमी, एका पाळीत डझनावारी बाळंतपणं. मग आवाज चढतात. 'आता कशाला ओरडतेस?' आणि त्याच्या पुढची जी वाक्यं असतात ती इथं सांगता येण्याजोगी नाहीत. आमच्या घरातल्या बायकांनीही ती ऐकली आहेत, आणि नाव विचारून झाल्यावर 'तुमच्यात किती असतात?' हा जादा प्रश्नही ऐकला आहे. दलित बाईला वेगळा प्रश्न, पारधी बाईला आणखी वेगळा. घरी कंदिलाच्या उजेडात बाळंत होताना जी धास्ती होती, तिची जागा या दुसऱ्या धास्तीनं घेतली. आणि अशा वागणुकीची आठवण असलेली बाई पुढच्या खेपेला दवाखान्यात उशिरा येते. तेव्हा अपमानाचा हिशेब शेवटी जिवापर्यंत पोचतो.

आता घरातलं दुसरं कारण. खाला गेली त्या दिवशी जी मुलगी जन्मली, ती आमच्या घरी वाढली. माझी अम्मी तिची आई झाली. तिला दिवस गेले तेव्हा नानीनं धसका घेऊन तिला पंधरा दिवस आधीच शहरात नेऊन ठेवलं होतं. त्या वेळी झालेली तिची लेक पुढे नर्स झाली, लग्न होऊन तेलंगणात गेली, आणि आज तिथल्या एका सरकारी रुग्णालयात मिडवाइफ म्हणून काम करते. मला मामू म्हणते. या भाषणातलं जे जाणत्या माणसाचं वाटेल ते बहुतेक तिचं आहे.

तेलंगणाची अडचण आपल्या कल्पनेच्या उलट बाजूची आहे. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. महाराष्ट्रात २५.४ टक्के. तेलंगणात हा आकडा ६०.७ टक्के आहे, आणि तिथल्या खासगी दवाखान्यांत शंभरातल्या ८१ बायकांच्या पोटावर सुरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ पासून १० ते १५ टक्के हे प्रमाण पुरेसं मानलं आहे. सिझेरियन हे वरदान आहे यात शंका नको. मूल आडवं असेल, वार तोंडावर असेल, तर त्याला पर्याय नाही. पण गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियेचा दंड पुढच्या बाळंतपणात भरावा लागतो. व्रणावर वार चिकटण्याचा, गर्भाशय फाटण्याचा धोका वाढत जातो. शिवाय कर्ज होतं ते वेगळंच. कारणं विचाराल तर मुहूर्त आहे, डॉक्टरांचा वेळ आहे, पैसा आहे, आणि कळांची भीतीही आहे. भाची एकदा म्हणाली, 'मामू, डोंगरातल्या बाईला डॉक्टर फार उशिरा भेटतो आणि आमच्याकडच्या बाईला फार लवकर.' दोघींच्या जवळ नसते ती एकच व्यक्ती. शांतपणे शेजारी बसणारी, शिकलेली आणि निर्णय घेणारी प्रसाविका.

हे ओळखून तेलंगण सरकारनं २०१७ मध्ये करीमनगरला एक प्रयोग सुरू केला. सोबतीला युनिसेफ होतं आणि हैदराबादचं फर्नांडिस फाउंडेशन होतं. या फाउंडेशनच्या डॉ. एव्हिटा फर्नांडिस या स्वतः प्रसूतितज्ज्ञ. पण त्यांनी २०११ पासूनच आपल्या रुग्णालयात प्रसाविका घडवायला सुरुवात केली होती. एका डॉक्टरनं आपल्या हातातलं काम नर्सच्या हाती द्यायला निघावं, ही साधी गोष्ट नाही. करीमनगरला तीस नोंदणीकृत नर्सांना १८ महिने शिक्षण दिलं गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशासाठी मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' हा नवा हुद्दा आला, आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असलेले, पण प्रसाविकांनी चालवायचे स्वतंत्र कक्ष आले. पश्चिम बंगाल आणि गुजरातेत असे अभ्यासक्रम त्याआधी निघाले होते. पण शिकून आलेल्या नर्सांना पुन्हा जुन्याच वॉर्डात पाठवलं गेलं आणि ते शिक्षण वाया गेलं. माझी भाची तेलंगणातल्या नंतरच्या एका तुकडीत शिकली.

ती नेमकं काय करते? मी विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, 'बहुतेक वेळ काही करत नाही, मामू. बघत बसते. ते बसणंच शिकवायला अठरा महिने लागतात.' कळा देणाऱ्या बाईला ती आडवं पाडत नाही. चालू देते, मोठ्या रबरी चेंडूवर बसवते, उकिडवं बसावंसं वाटलं तर बसू देते. पाणी, चहा, पेज घेऊ देते. पाठ चोळते. तेलुगू बाईला 'अक्का' म्हणते, आमच्यातल्या बाईला 'आपा', आणि सीमेवरच्या खेड्यांतून आलेल्या मराठी बाईला 'ताई'. या हाका मारता येणं हा तिच्या नोकरीच्या जाहिरातीत नसलेला गुण आहे.

बसणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे, हेही सांगायला हवं. दर अर्ध्या तासाला ती बाळाचे ठोके ऐकते, कळांची संख्या मोजते, रक्तदाब, नाडी, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे सगळं पार्टोग्राफ नावाच्या एका तक्त्यावर मांडते. कागदावर ही रेघ चढत गेली पाहिजे. रेघ रेंगाळली, ठोके मंदावले, पाण्याचा रंग हिरवट दिसला, तर त्याच क्षणी डॉक्टर. कुठं थांबायचं आणि कुठं धावायचं, हे ओळखणं हीच तिची विद्या. पूर्वी पहिलटकरीण म्हटली की सरसकट छेद घ्यायचा आणि टाके घालायचे अशी रीत होती. आता गरज असेल तरच. बाळ बाहेर आलं की थेट आईच्या छातीवर. नाळ लगेच कापायची नाही. धडधड थांबेपर्यंत, निदान मिनिटभर तरी थांबायचं, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला पुरतं मिळतं. आणि मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ते इंजेक्शन. हे शेवटचं वाक्य बोलताना ती दरवेळी जरा थांबते. तिच्या नानीची गोष्ट तिला माहीत आहे.

हे सगळं नवं आहे असं वाटेल, पण नाही. स्वीडन हा तेव्हा गरीब, विरळ वस्तीचा, बर्फात अडकलेला देश होता. १७५१ साली तिथल्या आरोग्य मंडळानं हिशेब मांडला, की त्या वर्षी बाळंतपणात मेलेल्या ६५१ बायकांपैकी निदान ४०० जणी पुरेशा शिकलेल्या सुईणी असत्या तर वाचल्या असत्या. मग त्यांनी गावोगावच्या बायका निवडून शिकवल्या. १८२९ मध्ये तर त्या सुईणींना चिमटा लावून मूल काढण्याची, म्हणजे एरवी फक्त डॉक्टरांनी वापरायच्या शस्त्रांची, रीतसर परवानगी दिली. कारण बर्फाळ खेड्यात डॉक्टर येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथला मातामृत्यूचा आकडा लाखामागे सुमारे ९०० होता, तो १९०० पर्यंत २३० च्या आसपास आला. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं, रक्तपेढ्या नव्हत्या. स्वीडननं सुईणीला शिकवलं आणि शिकवून झाल्यावर तिचे हात बांधून ठेवले नाहीत, यातला दुसरा अर्धा भाग आपण बहुतेक वेळा विसरतो. आपण शिकवतो आणि मग सही डॉक्टरांचीच मागतो.

भाचीच्या तक्रारी ऐका. एक, बदली. प्रसूतीचं शिक्षण घेतलेली नर्स नियमाप्रमाणे फिरतीवर कधी अतिदक्षता विभागात, कधी अपघात विभागात. दोन, नोंदवही. 'प्रसूती कोणी केली' या रकान्यात कित्येक ठिकाणी ड्यूटीवरच्या डॉक्टरचं नाव लिहायची पद्धत; ते डॉक्टर त्या वेळी जेवायला गेलेले असले तरी. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी या रकान्यासाठी अर्ज दिला. त्यांना विचारलं गेलं, 'नाव लागून काय मिळणार?' त्या म्हणाल्या, 'मॅडम, काही बिघडलं तर आमचं नाव शोधून काढतात; मग बरं झालं तेव्हाही सापडू द्या.' सहा महिन्यांनी त्यांची नावं लागू लागली. आणि नावं लागल्यावर एक भलतीच गोष्ट कळली. कुणाच्या हातून किती बाळंतपणं झाली, किती जणींना टाके पडले, किती जणींना पुढे पाठवावं लागलं, हे पहिल्यांदाच मोजता आलं. मोजता आलं म्हणून पुढची मागणी करता आली.

पुढची मागणी सोबतिणीची होती. कळांच्या वेळी बाईजवळ तिच्या घरची एक बाई असू द्यावी, ही सूचना केंद्र सरकारनं २०१६ मध्येच दिलेली आहे. तरी त्या रुग्णालयात दारावर शिपाई बसायचा आणि आया, सासवा व्हरांड्यात. 'जागा नाही, जंतुसंसर्ग होईल, आतला गोंधळ बाहेर जाईल', अशी कारणं होती. त्यातलं तिसरं कारण खरं असावं, असं मला वाटतं. या मुलींनी कापड आणलं, दोऱ्या बांधल्या, खाटांमध्ये पडदे केले. आणि मग एका रात्री, वरिष्ठांना सांगून, एका बाईच्या आईला आत घेतलं. ती आई रात्रभर लेकीच्या पाठीवर हात फिरवत बसली. कुणी ओरडलं नाही. बाहेरचं माणूस ऐकत असताना ओरडायला कुणालाच जमत नाही. आता तिथं दर बाईसोबत एक बाई असते. या कामाला कुणी चळवळ म्हणणार नाही. पण गोरगरिबांच्या दवाखान्यात श्रीमंतांच्या दवाखान्यासारखा पडदा लागतो, तेव्हा काहीतरी हललेलं असतं.

डॉक्टरांच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला हवेत. त्यांची शंका अगदीच पोकळ नाही. 'उद्या बाळाला काही झालं तर नातेवाईक माझी काच फोडतील, नर्सची नाही', असं एका तरुण डॉक्टरनं मला सांगितलं, आणि त्याचं खोटं नव्हतं. जबाबदारी कायद्यानं कुणाची, हे स्पष्ट नसेल तर कुणीही अधिकार सोडणार नाही. २०२३ साली संसदेनं १९४७ चा जुना परिचर्या परिषदेचा कायदा बाजूला करून 'राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवायफरी आयोग' कायदा केला. कायद्याच्या नावातच मिडवायफरी हा शब्द आला, म्हणून मी खूश झालो होतो. भाची म्हणाली, 'मामू, तो शब्द आमच्या हुद्द्यात १९५० च्या दशकापासून आहे.' मी गप्प बसलो. हुद्दा, स्वतंत्र संवर्ग, त्या कामाचा वेगळा पगार आणि त्याच कक्षात कायमची नेमणूक, एवढ्या चार गोष्टी कागदावरून खाली उतरल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही, आणि मला तिचं पटतं.

महाराष्ट्रात हे काम कुठपर्यंत यावं, याबद्दल माझं मत विचाराल तर सुरुवात पुण्या-मुंबईपासून नको. ज्या तालुक्यांत प्रसूतितज्ज्ञाची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते, तिथून करावी. तिथं आधीच एक ए. एन. एम. आहे, गाव तिला ओळखतं, तिला वाटा माहीत आहेत. तिच्यातल्या ज्यांना बाळंतपणाची ओढ आहे त्यांना पुढे शिकवावं, त्यांच्या डोक्यावरच्या वह्या दुसऱ्या कुणाला द्याव्यात.

हे भाषण लिहून झाल्यावर मी तिला फोनवर वाचून दाखवलं. रात्रपाळी होती, मागे कुणाचं तरी कण्हणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, स्वीडनचं ठीक आहे, पण रेडिओवर बोलताय तर उपयोगाचं सांगा. म्हणून तिचा निरोप तिच्याच क्रमानं सांगतो. तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवा. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या शिंक्यात टांगून ठेवू नका. डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहऱ्यावर सूज असेल, तर सणवार न पाहता दवाखान्यात या. कळा सुरू होण्याआधी थोडंही रक्त गेलं तर वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०२ आणि १०८ हे दोन क्रमांक लिहून चुलीजवळ लावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि नेण्या-आणण्याचे पैसे लागत नाहीत, २०११ पासून तसा नियम आहे. येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणा. सोबत एक बाई आणा आणि तिला आत घेण्याचा हक्क आहे असं दारावर शांतपणे सांगा. आणि बाळंतपण करणाऱ्या सिस्टरचं नाव विचारून घ्या.

मी म्हणालो, 'नाव कशाला, बेटा?' तेवढ्यात तिला आतून हाक आली आणि तिनं फोन ठेवला.